आमचे कागद शेजारच्या टीव्हीवर

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरा आमच्याकडे येता का? तुमचं आधार कार्ड आमच्या टीव्हीवर आलंय."

आम्हाला वाटले, मावशी थट्टा करताहेत. जाऊन पाहिले तर खरेच! मावशींचा नातू कार्टून शोधता शोधता रिमोटची बटणे दाबत भलत्याच कप्प्यात शिरला होता. पडद्यावर आमचे आधार कार्ड, चांगले दीड हात रुंद. पुढचे बटण दाबले तर मेव्हण्याच्या लग्नातले फोटो. त्याच्या पुढे मुलीची दहावीची गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, आणि सर्वात शेवटी आमच्या आजोबांच्या शाळेचा १९३८ सालचा उतारा. आजोबा चौथी शिकले होते. त्यांचे नाव शेजारच्या टीव्हीवर झळकेल असे त्यांना कधी वाटले नसेल!

मावशी भल्या बाई. त्यांनी आधी दार लोटून घेतले होते आणि मगच आम्हाला बोलवायला आल्या होत्या. पण भिंतीपलीकडे सगळ्याच मावशी राहत नाहीत. तेव्हा हे झाले कसे आणि आम्ही ते कसे निस्तरले, हे सविस्तर लिहावे असे ठरवले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता फायबरचा राऊटर आला आहे आणि त्याच्या पाठीला तेच छिद्र आहे, ज्यातून आमचे कागद बाहेर पडले.

आधी कागदांबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी ते कळायचे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आम्ही तेव्हा कुर्ल्याला मिठी नदीच्या बाजूला राहत होतो. पाणी कमरेपर्यंत चढले. माणसे पोटमाळ्यावर गेली, पण लोखंडी पेटी खालीच राहिली. पेटीत वडिलांच्या नोकरीचे कागद, आमची बी.कॉम.ची पदवी आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा तो उतारा होता. दोन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत लगदा झालेला. पदवीची दुसरी प्रत विद्यापीठाकडून पैसे भरून मिळाली. आजोबांच्या उताऱ्यासाठी मात्र वडिलांना गावी तीन खेपा घालाव्या लागल्या. रजिस्टर होते, पण त्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. आणखी दहा वर्षांनी ते राहिले असते की नाही कोण जाणे.

आपल्या वाचकांना या उताऱ्याची किंमत सांगायला नको. अनुसूचित जातीच्या दाखल्याला आणि त्याच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्या काळात आपल्या घरातली दहातली नऊ माणसे शाळेची पायरी चढली नव्हती, त्या काळातला कागद. तो ज्याच्याकडे आहे त्याचे पोर सुटले. ज्याच्याकडे नाही त्याने तहसील, गाव, शाळा आणि समितीचे कार्यालय यांच्या फेऱ्या मारायच्या. म्हणून नवा उतारा हाती येताच आम्ही झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो स्कॅन करून घेतला आणि एका पेनड्राइव्हमध्ये ठेवला.

पेनड्राइव्ह ही चीज मात्र घरात किल्लीपेक्षा लवकर हरवते. मुलीला अर्ज भरायचा असे तेव्हा तो मुलाच्या दप्तरात, आम्हाला हवा असे तेव्हा तो पत्नीच्या पर्समध्ये. एकदा तर शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला. शिवाय फोटो मोबाइलमध्ये, मुलीच्या नोट्स संगणकात, आमच्या मंडळाच्या वह्यांचे हिशेब तिसरीकडेच. एकाच खोलीत चार पडदे आणि चौघांची चार कपाटे!

फायबर आले त्या दिवशी राऊटर भिंतीवर लावून कामगार निघून गेला. नंतर धूळ पुसताना मुलीला राऊटरच्या पाठीला पेनड्राइव्ह बसेल असे चौकोनी छिद्र दिसले. ती म्हणाली, "पप्पा, यात पेनड्राइव्ह लावला तर घरातल्या सगळ्यांना वायफायवरून दिसतो म्हणे." हे सर्वच राऊटरना जमते असे नाही. काहींना छिद्रच नसते, काहींचे नुसते देखाव्याचे असते. आमच्या राऊटरला जमत होते.

राऊटर म्हणजे नुसता वायफाय फेकणारा डबा, असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात तो एक लहानसा संगणक असतो. पडदा नाही, कीबोर्ड नाही, एवढाच फरक. त्याच्या छिद्रात पेनड्राइव्ह लावला की तो कचेरीतल्या दप्तरखान्याच्या कारकुनासारखे काम करतो. कुणी मागितली तर फाइल काढून देतो, कुणी दिली तर जागेवर ठेवतो. मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने कोणत्या भाषेत बोलायचे हे ठरलेले असते. ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएम या कंपनीत जन्मली आणि पुढे विंडोजने उचलली. तिचे नाव एसएमबी. बऱ्याच राऊटरमध्ये ही भाषा बोलण्याचे काम सांबा नावाचा प्रोग्रॅम करतो. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला आणि सर्वांना फुकट वापरायला दिला. नाव शोधताना त्याने शब्दांच्या यादीतून एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द संगणकाकडून काढून घेतले, त्यात सांबा सापडला. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'सांबा' हा शब्द दिसला की आमच्या मुलाला अजून शोले आठवतो. असो.

आता कपाट उघडायचे कसे ते पाहू. आमचा संगणक एका कचेरीतून निघालेला, जुना घेतलेला आणि विंडोजवर चालणारा आहे. बहुतेकांचे तसेच असतात, म्हणून त्याचेच सांगतो.

पहिल्या दिवशी आम्ही पेनड्राइव्ह लावला आणि संगणकात 'नेटवर्क' असे लिहिलेल्या चित्रावर टिचकी मारून वाट पाहत बसलो. तिथे काहीच आले नाही. अर्धा तास गेला. मग कळले की त्या चित्राच्या भरवशावर राहायचेच नाही. पत्ता आपणच लिहायचा. पत्ता म्हणजे राऊटरचा नंबर. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राऊटरच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. चिठ्ठी फाटली असेल तरी अडत नाही. विंडोजच्या शोधपट्टीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर मारावे. जी काळी खिडकी उघडेल तिच्यात आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे सलग लिहून पुन्हा एंटर मारावे. जी यादी येते तिच्यात 'डिफॉल्ट गेटवे' या शब्दांपुढे असलेला नंबर तोच आपल्या राऊटरचा.

सगळ्यांच्या घरी एकच नंबर कसा, असा प्रश्न आम्हाला पडला होता. त्याचे उत्तर चाळीतच आहे. प्रत्येक चाळीत खोली नंबर एक असते, म्हणून काही टपाल चुकत नाही, कारण आधी चाळीचा पत्ता असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर असेच घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली तसा नियमच पक्का झाला. इंटरनेटवरच्या माणसाला आपल्या घरचा 'खोली नंबर एक' थेट दिसत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्यावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

नंबर मिळाला की विंडोजची कळ धरून इंग्रजी ई दाबावे. फाइलींची खिडकी उघडते. तिच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना चिकटून नंबर लिहावा, असा: \\१९२.१६८.१.१. आकडे अर्थातच इंग्रजीत. आम्ही इथेच पहिला मार खाल्ला. रेघा न देता नुसता नंबर लिहिला, तर राऊटरचे सेटिंगचे पान उघडले. कपाट काही उघडले नाही. दुसऱ्यांदा रेघा दिल्या, पण प्रश्नचिन्हाच्या कळीवरच्या, म्हणजे सुलट्या. हवी असते ती उलटी रेघ, बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वरच्या अंगाला असते ती. एवढ्याशा रेघेपायी माणूस संध्याकाळ घालवतो. आमची गेली.

रेघा बरोबर पडल्या तर संगणक नाव आणि पासवर्ड विचारील. इथे पुष्कळ जण संगणक सुरू करतानाचा स्वतःचा पिन घालतात आणि मग हा घेतच नाही म्हणून रागावतात. मागितलेला असतो तो राऊटरच्या सेटिंगमध्ये या कपाटासाठी ठरवलेला नाव-पासवर्ड. तो बरोबर दिला की आत एक फोल्डर दिसतो आणि त्यात पेनड्राइव्हमधले सगळे. त्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडले आणि झेड हे अक्षर दिले, की दुसऱ्या दिवसापासून सी, डी यांच्या रांगेत झेड हे कपाट आयते मांडलेले मिळते. रोज पत्ता लिहायची कटकट नको. मोबाइलमध्येही फाइली हाताळण्याच्या अनेक अॅपमध्ये 'नेटवर्क' किंवा एसएमबी म्हणून सोय असते. तिथे तोच नंबर आणि तेच नाव-पासवर्ड द्यायचे.

हे सगळे वाचायला सोपे वाटते, कारण आम्ही ते शेवटी शिकलो त्या क्रमाने सांगितले. पहिल्या दिवशी असे काही झाले नाही. रेघा बरोबर दिल्यावर संगणक म्हणाला, हे कपाट सुरक्षित नाही, याला एसएमबी एक ही कालबाह्य भाषा लागते, मी जोडणार नाही. आम्ही ओळखीच्या संगणकवाल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, काही नाही, विंडोजच्या फीचर्समध्ये जा, एसएमबी वन पॉइंट झिरोला टिक करा, रिस्टार्ट करा." केले. आणि राऊटरमध्ये पासवर्ड न विचारता आत सोडायची सोय होती, तीही त्याच्याच सांगण्यावरून चालू केली. कपाट उघडले! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही त्या पोराला चहाला बोलावले.

दोष त्या पोराचा नाही. काम अडले की दार उघडून देणे हा त्याचा धंदा आहे आणि त्याने ते फुकट करून दिले. पण विंडोजने ते दार का लावून घेतले होते, हे विचारायला हवे होते ते आम्ही. आयुष्यभर कचेरीत 'नियम कशासाठी आहे ते आधी वाचा' असे लोकांना सांगणारा माणूस घरच्या नियमावर न वाचता टिक करून बसला.

कारण असे होते. १२ मे २०१७ रोजी जगभरचे संगणक एकाएकी बंद पडू लागले. पडद्यावर लाल चौकट आणि पैशाची मागणी. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा वॉनाक्राय नावाचा किडा होता. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. काही दिवसांत दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने धरले. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता तो याच जुन्या एसएमबी एकच्या भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने भगदाड बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजने ही जुनी भाषा बोलणेच सोडायला सुरुवात केली. म्हणजे आम्हाला आलेला तो नकार संगणकाचा हट्टीपणा नव्हता. तो दारावर बसलेला पहारेकरी होता आणि आम्ही त्याला उठवून घरी पाठवले.

मग मावशींच्या टीव्हीचा दिवस उजाडला. हे घडले तिसऱ्याच वाटेने. आमच्या राऊटरमध्ये 'मीडिया सर्व्हर' किंवा डीएलएनए नावाचे एक बटण असते आणि ते कारखान्यातूनच चालू आलेले होते. या सोयीचा हेतू चांगला आहे. पेनड्राइव्हमधला सिनेमा आपल्या टीव्हीवर बसल्या जागी दिसावा. राऊटर पेनड्राइव्हमधले सगळे फोटो आणि व्हिडिओ हुडकतो आणि त्या वायफायवरच्या प्रत्येक टीव्हीला स्वतःहून हाक मारून सांगतो, की माझ्याकडे हे हे आहे, बघा. नाव विचारीत नाही, पासवर्ड विचारीत नाही. आणि आमचे सगळे कागद झेरॉक्सवाल्याने फोटोच्या रूपात स्कॅन केले होते. बिचाऱ्या राऊटरला आधार कार्ड आणि लग्नाचा फोटो यांतला भेद काय कळणार?

पण मावशींचा टीव्ही आमच्या वायफायवर कसा? त्याचे उत्तर आपल्या वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर भरू लागल्या तेव्हा आमच्या मजल्यावरच्या चार घरांत मिळून एक कनेक्शन होते, ते आमचे. पोरांचे वर्ग बुडू नयेत म्हणून आम्हीच पासवर्ड दिला. त्याचा आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. राऊटर बदलला तरी नाव आणि पासवर्ड तेच ठेवले, कुणाची गैरसोय नको म्हणून. मागाहून मावशींकडे टीव्ही आला, तोही त्याच पासवर्डावर जोडला गेला. म्हणजे मघाचा तो चाळीचा दाखला इथे उलटला. बाहेरच्याला आमचा 'खोली नंबर एक' दिसत नव्हता खरा, पण ज्यांना आम्ही आत घेतले होते ते सगळे आमच्या खोलीतच होते.

त्या संध्याकाळी पत्नी म्हणाली, "अहो, वायफाय द्यायचं तर द्या, पण म्हणून आपली पेटी चौकात उघडून ठेवायची का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुरुस्तीला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी राऊटरच्या पानावर जाऊन त्या पानाचाच पासवर्ड बदलला. तो आजवर पोटावरच्या चिठ्ठीत छापलेला होता तोच होता. मीडिया सर्व्हर बंद केला. मग 'गेस्ट नेटवर्क' चालू केले. हे म्हणजे त्याच राऊटरचे दुसरे, वेगळ्या नावाचे वायफाय. त्यावरच्यांना इंटरनेट मिळते, आपल्या घरातल्या वस्तू दिसत नाहीत. ('लोकल नेटवर्क वापरू द्या' अशी टिक तिथे असली तर ती काढून टाकावी.) शेजारच्या तिन्ही घरी जाऊन नवा पासवर्ड लिहून दिला, आणि आमच्या वायफायचा जुना बदलून टाकला. कुणी राग धरला नाही. एका घरातल्या दादांनी फक्त विचारले, "भाऊ, स्पीड तोच ना?"

दुसरा रविवार अवघड गेला. राऊटरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्याच्याच पानावरून उतरवून घेतली. त्यानंतर त्याच्यात एसएमबीची दुसरी पिढी निवडायची सोय आली. ती निवडली आणि संगणकातली ती जुनी टिक काढून टाकली. आता सगळे ठीक होईल म्हणून रेघा आणि नंबर लिहिला, तर नवाच संदेश आला. तुमच्या संस्थेचे सुरक्षा धोरण ओळख न देणाऱ्या पाहुण्यांना आत येऊ देत नाही, अशा अर्थाचा. आम्ही चक्रावलो. एका खोलीच्या घरात संस्था कुठली आणि धोरण कुठले? मुलगी म्हणाली, "पप्पा, संस्था म्हणजे मम्मी." हसून झाल्यावर अर्थ लागला. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून प्रो प्रकारच्या संगणकांवरही हा नियम आला आहे की नाव न सांगणाऱ्या कपाटाशी व्यवहार करायचा नाही. आमचा संगणक कचेरीतला जुना, म्हणून प्रो. हा नियम मोडण्याच्याही युक्त्या लोक सांगतात, रजिस्ट्रीत जा, अमुक आकडा शून्याचा एक करा, वगैरे. या वेळी आम्ही कुणाला फोन केला नाही. राऊटरमध्ये बिनपासवर्डाचा प्रवेश बंद केला, कपाटाला एक नाव आणि लांबलचक पासवर्ड दिला आणि तो संगणकात घातला. तरी एकदा नकार आलाच, कारण संगणकाने जुनी पाहुण्याची ओळख डोक्यात धरून ठेवली होती. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावर झेड उघडला.

काही वाचक विचारतील की राऊटर जुना असेल आणि त्याला एसएमबी एकशिवाय दुसरी भाषा येतच नसेल तर? तर आमचे मत स्पष्ट आहे. त्याला कागदांसाठी वापरू नये. गाणी ठेवा, सिनेमे ठेवा. कागदांचा पेनड्राइव्ह हाताने संगणकाला लावा, काम झाले की काढा. पाच पावले चालावे लागेल एवढेच.

आणखी एका बटणाबद्दल सांगितलेच पाहिजे. याच सेटिंगमध्ये 'एफटीपी', 'रिमोट अॅक्सेस', 'क्लाउड' अशा नावांच्या सोयी असतात. गावी बसून घरचा पेनड्राइव्ह बघता येईल, असे आमिष त्यांच्याजवळ लिहिलेले असते. एका झटक्यात 'खोली नंबर एक' सगळ्या जगाला दाखवणारे हे बटण आहे. यात काय होते त्याचा दाखला अमेरिकेतला आहे. तिथे आसूस कंपनीच्या राऊटरना अशी सोय होती आणि तिच्यात दोष होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये हॅकर त्या वाटेने १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या राऊटरला लावलेल्या साठ्यांपर्यंत पोहोचले. आपली हार्ड डिस्क जगाला उघडी आहे असे सांगणारी चिठ्ठीवजा फाइल अनेकांना आपल्याच डिस्कमध्ये सापडली. अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. २०१६ साली झालेल्या तडजोडीत वीस वर्षे स्वतंत्र तपासणी करून घेण्याचे बंधन कंपनीवर आले. एवढी मोठी कंपनी, तिची ही गत. मग गल्लीतल्या आपल्या डब्याचे काय सांगावे? आम्ही ती तिन्ही बटणे बंद ठेवली आहेत.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ सहा जीबीचा, तो काही केल्या पेनड्राइव्हवर चढेना. जागा भरपूर असून चढेना. कारण पेनड्राइव्हची मांडणी फॅट बत्तीस या जुन्या पद्धतीची होती, आणि तिच्यात चार जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. मांडणी एनटीएफएस केली, चढला. मांडणी बदलताना आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि आपल्या राऊटरला ती नवी मांडणी वाचता येते का ते पाहावे. वेगाचीही फार अपेक्षा ठेवू नये. राऊटरचा मेंदू लहान असतो. मोठी हार्ड डिस्क लावाल तर ती नुसती टकटक वाजत राहण्याची शक्यता आहे. तिला लागते तेवढी वीज ते छिद्र पुरवू शकत नाही, म्हणून पेनड्राइव्हच बरा.

आणि पेनड्राइव्ह उपटून काढू नये. राऊटरच्या पानावर 'सेफली रिमूव्ह' किंवा तशाच अर्थाचे बटण असते, ते दाबून मगच काढावा. आमच्या मुलाने एकदा फाइल जात असतानाच तो खेचला. कार्ला लेण्यांच्या सहलीचे फोटो त्यात होते, त्यातले अर्धे पुन्हा उघडले नाहीत. वीज जाते तेव्हाही हाच धोका. त्या वेळी आम्हाला २००५ सालची पेटी आठवली. पेटी लोखंडी असो की वायफायवरची, एकच असली की पाण्याला एकच ठिकाण शोधावे लागते. आता सगळ्या कागदांची दुसरी प्रत बदलापूरला धाकट्या भावाकडे एका पेनड्राइव्हमध्ये असते आणि दर सहा महिन्यांनी आम्ही ती ताजी करतो. आधार, गुणपत्रिका वगैरे जे सरकारकडूनच येते ते २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये मिळते, त्याची तेवढी चिंता नाही. पण आजोबांचा १९३८ सालचा उतारा डिजिलॉकरमध्ये आयता येत नाही. आपण स्कॅन करून तिथे चढवला तरी त्याला मूळ कागदाची किंमत मिळत नाही. मूळ उतारा जपायचा तो जपायचाच. त्यासाठी आम्ही घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला आहे आणि तो पोटमाळ्यावर ठेवला आहे.

मुलीच्या पडताळणीचा अर्ज परवा भरला. रात्री अकरा वाजता ती झेडमधून एकेक कागद काढून चढवत होती, आम्ही मागे खुर्चीवर बसून नुसते बघत होतो. पासवर्ड तिने आम्हाला न विचारता घातला. पाठ आहे तिला.

मागच्या आठवड्यात मावशी पुन्हा दारात आल्या, हातात पिशवी. मावशींचे यजमान गिरणी कामगार, १९८२ च्या संपात गेले ते कामावर परत लागलेच नाहीत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला आपण पटावर होतो हे दाखवावे लागते. त्याचे कागद पिशवीत होते, तिकीट नंबरचे कार्ड, ई.एस.आय.चे कार्ड, फंडाच्या दोन पावत्या. घड्यांवर विरलेले, एक तर जवळजवळ दोन तुकड्यांत. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या कपाटात एवढं ठेवता का?"

आमच्या राऊटरला सगळ्यांसाठी मिळून एकच नाव-पासवर्ड देता येतो. त्यामुळे त्यांचे कागद आमच्या कपाटात ठेवले तर आमच्या घरातल्या चौघांना ते दिसणार. तसे त्यांना सांगितले आणि रविवारी त्यांच्या नातवाला बरोबर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्यांच्यासाठी दोन पेनड्राइव्ह घेतले, एक मावशींच्या पेटीत, एक अंबरनाथला लेकीकडे. नातवाने परत येताना विचारले, "काका, हे टीव्हीला लावलं तर दिसेल ना?" दिसेल म्हटले. घरी जाऊन त्याने लावलेही. आजोबांच्या कार्डावरचा तरुणपणीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मावशींनी आधी उठून दार लोटले, आणि मग किती तरी वेळ त्या बघत बसल्या.